घरी स्क्रीन बदलली आणि आठवड्याने टच पुन्हा गेला: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

नवी स्क्रीन बसवली. पहिल्या दिवशी फोन नव्यासारखा चालला. चार-पाच दिवसांनी एका कोपऱ्यात टच लागेनासा झाला, किंवा फोन खिशातून काढला तर स्क्रीन काळी. मग माणूस ठरवून टाकतो की स्क्रीनच डुप्लिकेट निघाली, आणि दुसरी मागवतो. तीही तशीच वागते.

हा एकच बिघाड माझ्यासमोर इतक्यांदा आला आहे की फोन हातात घेण्याआधी मी विचारतो, "जोडून झाल्यावर एखादा स्क्रू किंवा पत्र्याचा तुकडा उरला होता का?" बरेचदा समोरचा थोडा ओशाळतो आणि कुठल्याशा डबीतून तो तुकडा काढून दाखवतो. "उरला होता, पण फोन तर चालू झाला, म्हणून राहू दिला." त्या तुकड्याची गोष्ट पुढे येईलच. आधी लक्षणं, कारण पुढची सगळी तपासणी त्यांच्यावर अवलंबून आहे.

लक्षणं

- हात न लावता ॲप उघडतात, अक्षरं आपोआप टाइप होतात. याला घोस्ट टच म्हणतात.
- स्क्रीनचा एक आडवा किंवा उभा पट्टा मेलेला, बाकी सगळं ठीक.
- चित्र स्वच्छ दिसतं, पण टच कुठेच नाही.
- स्क्रीन काळी, पण रिंग वाजते, व्हायब्रेशन होतं, अलार्म होतो.
- कधी चालतं, कधी नाही. कडेला दाबलं किंवा फोन हलका पिळला की परत येतं.
- हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ, शाई सांडल्यासारखा काळा डाग.
- फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते, ती कॉल संपला तरी उजळत नाही. स्क्रीनमधला फिंगरप्रिंट ओळखत नाही.
- स्क्रीन एका बाजूने फ्रेममधून उचलली गेली आहे.

यातलं शेवटचं लक्षण दिसलं तर खालचं काहीही करू नका, थेट "इथे थांबा" या भागाकडे जा. रेघ आणि शाईसारखा डाग यांवर घरगुती उपाय नाही, पॅनेलच गेलेलं असतं. उभी रेघ सेटिंग बदलून किंवा फोन रीसेट करून जात नाही. त्यात वेळ घालवलात तर डेटा मात्र जाईल. बाकी लक्षणांमध्ये आशा आहे, आणि "दाबलं की येतं" हे तर मला सगळ्यात आवडणारं लक्षण, कारण ते जवळजवळ नाव सांगूनच येतं: कनेक्टर.

दुरुस्तीवाले ज्याला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात, त्यात वरची काच, टचचा थर आणि डिस्प्ले हे तिन्ही पारदर्शक गमाने एकमेकांना चिकटवलेले असतात. नुसती काच बदलायला ते थर वेगळे करून पुन्हा बुडबुडा न ठेवता चिकटवावे लागतात, आणि त्यासाठी यंत्रं लागतात. म्हणून घरी बदलतो तो अख्खा फोल्डर. त्याच्या मागून एक किंवा अधिक पातळ पट्ट्या निघतात आणि त्या फोनच्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये बसतात. टच, चित्र आणि प्रकाश हे सगळं त्या पट्टीतूनच जातं. त्यामुळे बिघाड स्क्रीनमध्ये असो, पट्टीत असो, कनेक्टरमध्ये असो की बोर्डात, बाहेरून लक्षण सारखंच दिसतं.

फोन न उघडता

पहिली तपासणी सक्तीने रीस्टार्ट. नेहमीचा नव्हे, सक्तीचा. बहुतेक ॲंड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दहा-वीस सेकंद एकत्र दाबून धरायचं. आयफोन ८ आणि त्यापुढच्या मॉडेलमध्ये आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, मग आवाज कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण लोगो दिसेपर्यंत धरून ठेवा. टचची चिप सुरू होताना अडकलेली असेल तर एवढ्यानेच सुटते. फुकटचं काम आहे, आणि ते न करता थेट फोन उघडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यात एक मीही होतो.

दुसरी तपासणी चार्जर. घोस्ट टच फक्त चार्जिंगला लावल्यावर होतो का, हे नीट बघा. टचचा थर बोटामुळे होणारा विद्युतधारितेचा अगदी सूक्ष्म बदल मोजत असतो. खराब चार्जर वीजपुरवठ्यात जो गोंगाट सोडतो तो या मोजमापात मिसळतो, आणि फोनला वाटतं बोट लागलं. वायर काढली की फोन शहाण्यासारखा वागत असेल तर स्क्रीन निर्दोष आहे. चार्जर बदला, केबल बदला आणि विषय संपवा.

तिसरी तपासणी स्क्रीन गार्ड आणि कव्हर. नवी स्क्रीन बसवली की माणूस काळजीपोटी त्याच दिवशी जाड काचेचा गार्ड लावतो. गार्डखाली हवा राहिली, कडेला धूळ बसली किंवा कव्हर गार्डच्या काठावर चढलं, तर कडेचा टच मंदावतो किंवा आपोआप लागतो. दोन्ही काढा, स्क्रीन कोरड्या मऊ कापडाने पुसा, तासभर वापरून बघा. कॉल करताना स्क्रीन काळी राहते त्या बिघाडातही पहिला संशयित गार्डच, कारण इअरपीसजवळचा प्रॉक्सिमिटी सेन्सर झाकला गेला की फोनला वाटतं तो अजून कानालाच लावलेला आहे. वक्र स्क्रीनवर अतिनील प्रकाशात सुकणारा द्रव गम ओतून गार्ड लावलेला असेल तर इअरपीसची जाळी आणि बाजूची बटणंही बघा. तो गम तिथपर्यंत सहज झिरपतो.

मग ॲप. ॲंड्रॉइडमध्ये सेफ मोड असतो. बऱ्याच फोनमध्ये पॉवर मेन्यूतला "पॉवर ऑफ" पर्याय दाबून धरला की तो विचारला जातो. त्यात बाहेरून टाकलेले ॲप बंद असतात. सेफ मोडमध्ये घोस्ट टच थांबला तर दोष एखाद्या ॲपचा. स्क्रीनवर तरंगणारं बटण दाखवणारे ॲप यात पटाईत असतात.

आता खरी कामाची चाचणी. सेटिंग्जमधल्या "अबाउट फोन" मध्ये बिल्ड नंबर शोधा आणि त्यावर सात वेळा टॅप करा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे "पॉइंटर लोकेशन" चालू केलं की बोट जिथे फिरेल तिथे रेघ उमटते. शेत नांगरावं तशा वरपासून खालपर्यंत शेजारी शेजारी ओळी ओढा, आधी आडव्या, मग उभ्या. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डायल पॅडवर *#०*# टाइप केलं, किंवा शाओमीच्या फोनमध्ये *#*#६४८४#*#* टाइप केलं, की कंपनीचीच चाचणी उघडते. आयफोनमध्ये असं काही बाहेरून मिळत नाही. तिथे नोट्समध्ये चित्र काढायचं पान उघडून तशाच ओळी ओढा, किंवा एखादं चिन्ह दाबून धरून संपूर्ण स्क्रीनभर फिरवा.

रेघ कुठे तुटते यापेक्षा कशी तुटते हे महत्त्वाचं. दर वेळी त्याच जागी, काटकोनात कापल्यासारखी तुटली तर टचच्या थरातली ओळच मेली आहे, म्हणजे फोल्डर खराब. तुटण्याची जागा बदलत राहिली, किंवा फोन हलवल्यावर बदलली, तर पट्टी, कनेक्टर किंवा बाहेरचा दाब. ही चाचणी चालू ठेवून फोनच्या पाठीवर, कनेक्टरच्या जागी, अंगठ्याने हलकेच दाबा. रेघ परत जुळली तर उघडण्याआधीच निम्मं निदान झालं.

स्क्रीन काळी असेल तर अंधाऱ्या खोलीत तिच्यावर तिरकी टॉर्च मारा. एलसीडी असेल आणि अंधूक चित्र दिसलं, तर चित्र येतंय, फक्त मागचा प्रकाश गेला आहे. दुरुस्तीवाले यालाच "ग्राफिक आहे, लाइट नाही" म्हणतात. ओलेडमध्ये मागचा दिवा नसतोच, तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही.

आणि अपडेट. बिघाड सिस्टिम अपडेटनंतर लगेच सुरू झाला का, आठवून बघा. ऑक्टोबर २०१७ मधल्या आयओएस ११.०.३ या आयफोनच्या अपडेटच्या टिपणात लिहिलं होतं की ॲपलचे सुटे भाग न वापरता दुरुस्त केलेल्या काही आयफोन ६एसमध्ये टच लागत नव्हता, तो दोष यात दुरुस्त केला आहे. एप्रिल २०१८ मध्ये आयओएस ११.३.१ ने आयफोन ८ साठी तेच केलं. म्हणजे अपडेटने बाहेरच्या स्क्रीनचा टच जाणं आणि पुढच्या अपडेटने परत येणं, दोन्ही घडलेलं आहे. पुढचं अपडेट आलेलं असेल तर ते संगणकावरून टाकून बघा, मगच स्क्रूड्रायव्हर उचला.

शेवटी, बिघाड कंपनीनेच मान्य केलेला तर नाही ना? नोव्हेंबर २०१९ ते मे २०२० दरम्यान बनलेल्या काही आयफोन ११ चा टच डिस्प्ले मॉड्यूलमुळे जात होता, आणि ॲपलने त्यांचा डिस्प्ले मोफत बदलून देण्याची मोहीम काढली होती. अशा मोहिमांना मुदत असते. म्हणून वॉरंटी आणि अशी मोहीम या दोन्हींची चौकशी फोन उघडण्याआधी करायची, नंतर नाही.

इथे थांबा

स्क्रीन एका बाजूने उचलली आहे, पाठ फुगली आहे, टेबलावर ठेवलेला फोन भोवऱ्यासारखा फिरतो, किंवा गोडसर रसायनाचा वास येतो: बॅटरी फुगली आहे. लिथियम बॅटरीच्या आत वायू साठला की ती आतून स्क्रीनला ढकलते, आणि त्या दाबाने टच वेडावाकडा वागतो. लोक समजतात गम सुटला. मग स्क्रीन दाबून, रबरबँड लावून परत चिकटवायला जातात. हे कृपा करून करू नका. चार्जिंग बंद करा, फोन बंद करा, जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. फुगलेली बॅटरी स्वतः उचकटायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही.

फोन पाण्यात पडला होता तर नव्या स्क्रीनचा विचार नंतर. आधी बोर्ड स्वच्छ व्हायला हवा. फोल्डेबल फोन, किंवा दोन्ही कडांनी वळलेली स्क्रीन असेल, तर घरी हात घालू नये असं माझं मत आहे. वक्र ओलेड उचकटताना कडेचा थर सुटतो आणि चांगली स्क्रीनही जाते.

पुढे जायचं ठरलं असेल तर आधी डेटा. टच मेला आहे पण चित्र दिसतंय अशा ॲंड्रॉइड फोनला ओटीजी अडॅप्टर (चार्जिंगच्या खाचेत यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) लावून साधा माउस जोडा. स्क्रीनवर बाण येतो, लॉक उघडता येतं, बॅकअप घेता येतो. इतकी सोपी गोष्ट, पण लोकांना ती डेटा गेल्यावर कळते.

उघडल्यावर

बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या. चुकून टोचली गेली तर भरलेली बॅटरी जास्त धोकादायक. फुटलेली काच असेल तर तिच्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि डोळ्यांना चष्मा लावा. कडेने केस वाळवायचा ड्रायर एक-दीड मिनिट फिरवत राहा, एका जागी धरू नका. गम साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो, पण बॅटरीला ६० च्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणून ऊब कडेलाच आणि थोडा वेळच. प्लॅस्टिकची पिक, म्हणजे स्क्रीन उचकटायची पातळ चकती, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा आत घालू नका. पट्टी कोणत्या बाजूला आहे हे त्या मॉडेलचा व्हिडिओ बघून आधीच ठरवा. अनेक ॲंड्रॉइड फोन मागून उघडतात आणि स्क्रीनची पट्टी फ्रेममधल्या फटीतून आत जाते. असे फोन पुढून उचकटणारा पट्टीच कापतो.

पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. फोन बंद आहे म्हणून हे टाळायचं नाही. बंद फोनमध्येही बॅटरी जोडलेली असते, आणि डिस्प्लेची पट्टी जरा तिरकी लागली की शेजारच्या पिना एकमेकांना भिडतात. मी एकदा घाईत बॅटरी न काढता पट्टी टेकवली. चित्र आलं, पण प्रकाश गेला तो गेलाच. बोर्डावरचा मुंगीच्या डोक्याएवढा फिल्टर उडाला होता, आणि तो बदलायला मायक्रोस्कोपवाल्याकडे जावं लागलं. चांगली नवी स्क्रीन दोन दिवस पिशवीत पडून होती.

आता कनेक्टर. ही पूर्ण लेखातली मुख्य जागा आहे. स्क्रीनचा कनेक्टर दाबून बसवायचा असतो, त्याला वेगळी कडी नसते. पिनांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. प्लॅस्टिकच्या स्पजरने, म्हणजे चपट्या टोकाच्या काडीने, तो सरळ वर उचला आणि भिंगाखाली दोन्ही बाजू बघा. वाकलेली पिन, गमाचा ठिपका, बोटाचा तेलकट डाग, हिरवट-पांढरा गंज. ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानात ज्याला आयपीए म्हणतात ते, मऊ ब्रशवर घेऊन हलकेच घासा आणि पूर्ण उडू द्या. बसवताना आधी जागेवर तरंगत ठेवा, बोटाच्या टोकाने इकडेतिकडे सरकवून बघा. जागेवर आला की तो सरकायचा थांबतो. मग एक टोक दाबा, मग दुसरं. दोन बारीक "टक" जाणवले पाहिजेत. एकच जाणवला तर एक बाजू अर्धवट बसली आहे, आणि तो फोन टेबलावर छान चालेल, खिशात नाही.

आणि आता तो उरलेला पत्र्याचा तुकडा. कनेक्टरवर दोन-तीन स्क्रूंनी एक छोटी झाकणी बसते, तिच्या आतल्या बाजूला बहुतेकदा फोमचा चौकोन असतो. ती शोभेची नाही. कनेक्टरला कडी नसल्यामुळे त्याला खाली दाबून धरण्याचं काम ही झाकणी आणि हा फोम करतात. झाकणी नसेल, एक स्क्रू कमी असेल किंवा फोम जुन्या पट्टीला चिकटून कचऱ्यात गेला असेल, तर फोन चालू होतो, आणि रोजच्या हादऱ्यांनी कनेक्टर केसभर वर येतो. पहिल्या दिवशी नव्यासारखा, आठवड्याने टच गेला, ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच घडते. फोम हरवला असेल तर तेवढ्याच जाडीचा चिकट फोम कापून लावा. कागदाची घडी घालणारे भेटतात. कागद दबतो आणि महिन्याभराने फोन परत येतो.

झाकणीचे स्क्रू जिथून काढले तिथेच गेले पाहिजेत. आयफोन ६ मध्ये या एका झाकणीचे स्क्रू १.२ पासून ३.१ मिलिमीटरपर्यंत वेगवेगळ्या लांबीचे आहेत आणि वरून बघता सारखे दिसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो बोर्डाच्या आतल्या थरांमधल्या वाहिन्या तोडतो. अशा फोनला मग कितीही स्क्रीन लावा. कागदावर फोनची आकृती काढून स्क्रू त्या त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवण्याइतकं साधं आणि पक्कं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

कनेक्टर नीट, झाकणी नीट, तरी घोस्ट टच? स्क्रीनच्या पाठीमागची पट्टी बघा. तिच्यावर बारीक चिप आणि घटक असतात, आणि त्यांच्यावर काळी इन्सुलेटिंग टेप असते. बाहेरच्या फोल्डरवर ती कधी कधी नसतेच, किंवा जुनीवरून काढून नवीवर लावायची राहते. उघडे घटक धातूच्या फ्रेमला टेकले की टच वेडा होतो. तिथे कॅप्टॉन टेपचा (वीज अडवणारी पातळ टेप) एक थर पुरतो, दोन नको, जाडी वाढली की पट्टीची घडी ताणली जाते. त्याच वेळी पाठीवरची संरक्षक फिल्म काढली आहे ना, हेही बघा. हसू येईल, पण निळी फिल्म तशीच ठेवून चिकटवलेला फोल्डर मी उघडला आहे.

मग फ्रेम. फोन पडून काच फुटली असेल तर फ्रेमचा कोपराही थोडा आत आलेला असतो. रिकाम्या फ्रेमवर स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवा, खालून उजेड धरा. पट्टीखाली एकीकडे फट आणि दुसरीकडे टेकू दिसला तर फ्रेम वाकली आहे. अशा फ्रेममध्ये नवी स्क्रीन कायम पिळलेली राहते. आधी त्या कोपऱ्याचा टच जातो, मग न पडताच तडा. कडेच्या खाचेत अडकलेला वाळूएवढा काचेचा कण आणि जुन्या गमाची गाठ हेसुद्धा तेच करतात. खाच खरवडून, आयपीएने पुसून, नखाला गुळगुळीत लागेपर्यंत साफ करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि लोक इथेच घाई करतात. फ्रेम वाकलेली असेल तर फ्रेमसकट येणारा फोल्डर घ्या. त्यात सगळे भाग जुन्या फ्रेममधून नव्या फ्रेममध्ये हलवावे लागतात, पण चिकटवण्याची कटकट वाचते.

एवढं सगळं झाल्यावरच स्क्रीनवर संशय घ्या. ओलेड फोनला स्वस्त पर्याय म्हणून इन-सेल एलसीडी (टचचा थर डिस्प्लेच्या आतच असलेली) मिळते. ती जाड असते, फ्रेमच्या वर येते, बॅटरी जास्त खाते, आणि मागे दिवा असल्यामुळे स्क्रीनखालचा ऑप्टिकल फिंगरप्रिंट तिच्यातून बघूच शकत नाही. तो फिंगरप्रिंट बंद पडला तर तो बिघाड नाही, खरेदीच चुकली. काचेच्या आधारावर बनवलेली हार्ड ओलेड मूळ लवचिक ओलेडपेक्षा दाबाला लवकर तडकते. स्क्रीन खरी असूनही फिंगरप्रिंट ओळखत नसेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये कॅलिब्रेशन राहिलेलं असतं, ते बरेचदा सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्यावं लागतं.

आयफोनचं वेगळं. होम बटणातला टच आयडी बोर्डाशी जोडलेला असतो, म्हणून जुनं बटण नव्या स्क्रीनवर हलवावंच लागतं. आयफोन एक्स पासून १२ पर्यंत वरच्या इअरपीसच्या पट्टीवरचे सेन्सरही तसेच; ती पट्टी फाटली तर फेस आयडी गेला. ट्रू टोन (आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग जुळवणारी सोय) गायब होणं आणि आयफोन ११ पासून पुढे अनोळखी डिस्प्लेची सूचना येणं, ही जोडणीतली चूक नाही. त्यासाठी फोन पुन्हा उघडू नका.

चिकटवणं सगळ्यात शेवटी

स्क्रीन जोडून, फ्रेमबाहेर अलगद टेकवून, फोन चालू करा. पुन्हा नांगरट करा. पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं चित्र पूर्ण स्क्रीनभर बघा. ब्राइटनेस अगदी कमी, अगदी जास्त. एक कॉल लावून वरच्या सेन्सरवर हात धरा. चार्जर लावून पुन्हा टच बघा. अर्धा तास तसंच वापरा. मग फोन बंद, बॅटरी सुटी, झाकणी बसवा, बॅटरी परत जोडा, आणि मगच गम. साचेबद्ध चिकटपट्टी मिळत असेल तर तीच घ्या. बी-७००० गम वापरायचा तर कडेने केसासारखी एक धार पुरे; जास्त गम आत जाऊन बटणं, माइक आणि कनेक्टर खातो. झटपट चिकटणारा सुपरग्लू कधीच नको, त्याच्या वाफेचा पांढरा थर कॅमेऱ्यावर आणि काचेवर बसतो आणि पुढच्या वेळी स्क्रीन सुटत नाही. रबरबँड हलके लावा, दोन-चार, सारख्या अंतरावर. करकचून बांधलेल्या फोनमध्ये एलसीडीवर पांढरे आणि ओलेडवर काळे डाग उमटतात. पूर्ण सुकायला एक-दोन दिवस द्या. पाण्यापासूनचं मूळ संरक्षण मात्र गेलं असंच धरून चाला.

बोर्डाचा दोष

सगळं तपासलं, दुसरी चालणारी स्क्रीन लावून पाहिली, तीही तशीच वागली. आता तिसरी मागवायची नाही. २०१६ मध्ये आयफोन ६ प्लसचं हेच झालं होतं. वरच्या बाजूला लुकलुकणारी राखाडी पट्टी दिसे आणि टच जाई. मोठा फोन वाकून बोर्डावरच्या टच चिपखालचे सोल्डरचे सांधे तडकत होते, त्यामुळे नवी स्क्रीनही तशीच वागे. शेवटी ॲपलने त्या दोषासाठी वेगळी दुरुस्ती योजना काढली. चिपखालचे सांधे नव्याने बसवायला मायक्रोस्कोप, हॉट एअर आणि सवयीचा हात लागतो. घरच्या हीटगनने बोर्ड "भाजून" घेण्याचे व्हिडिओ असतात. त्यातून फोन काही दिवस जगतो आणि नंतर पूर्ण जातो.

म्हणून दुरुस्तीवाल्याकडे कधी जायचं ते असं: बॅटरी फुगली किंवा टोचली गेली, कनेक्टरची पिन वाकली किंवा कनेक्टर बोर्डावरून उचलला गेला, ग्राफिक आहे पण लाइट नाही, दुसऱ्या स्क्रीनवरही तोच बिघाड, बोर्डावर गंज, किंवा आतला डेटा फोनपेक्षा महाग आहे. शेवटच्या बाबतीत तर सुरुवातीपासूनच जा.

जाताना जुनी स्क्रीन टाकून देऊ नका, ती घेऊन जा. तुलना करायला तिच्याहून चांगली वस्तू नाही. टच चालत असेल तर सॅमसंगमध्ये मेन्टेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड चालू करून द्या, तुमचे फोटो आणि मेसेज झाकलेले राहतात. काय काय करून पाहिलं ते लाज न बाळगता सांगा, बॅटरी न काढता पट्टी लावली असेल तर तेही. आणि डबीतला तो पत्र्याचा तुकडाही सोबत न्या.